लाल पट्टीची मासळी

मी मासे मोजते असं सांगितलं की पाथरीतले लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "आपल्या परभणीत कुठले आले मासे?" त्यांचंही चुकत नाही. कॉलेजात आम्हाला शिकवले ते सगळे समुद्राचे मासे. बांगडा, पापलेट, खाडीतल्या तिसऱ्या, खेकडे, कोळंबी. कुठल्या महिन्यात कुठली मासळी किनाऱ्याला येते ते मी झोपेतही सांगितलं असतं. वर्गातल्या बाकीच्यांना रत्नागिरी आणि मालवण मिळालं. मला येलदरीचं धरण मिळालं. घर जवळ म्हणून आई खूश झाली. मी दोन दिवस तोंड पाडून बसले आणि मग गेले, कारण मत्स्य विभागाच्या कंत्राटी नोकरीत तोंड पाडून बसणाऱ्यांसाठी वेगळी सोय नसते.

धरणाच्या काठी मासेमाऱ्यांची वस्ती आहे. तिथे पहिल्याच दिवशी मला मावशी भेटली. पुलाजवळच्या रस्त्यावर पाटी घेऊन मासे विकायची. उंच, काळीसावळी, आवाज असा की पलीकडच्या काठावरच्या माणसानं ओ द्यावी. मी माझी मोजपट्टीची फळी आणि वजनकाटा घेऊन उतरले, तर ती पाटीमागून म्हणाली, "काय करायलाव मॅडम? माशाला सदरा शिवायलाव का?"

मी सांगितलं, किती मासे आहेत ते बघायला आलेय. रोहू, कटला, मृगळ, चिलापी, झिंगे, सगळंच.

"आन् तुमी कुठल्या?"

"पाथरीची."

"पाथरीत कुणाच्या?"

"मास्तरांची."

"पाथरीत काय एकच मास्तर हाय का?" ती हसली आणि गिऱ्हाईकाकडं वळली.

आडनाव सांगितलं असतं तर सगळं त्यातच आलं असतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं. आम्ही बौद्ध. माझ्या पणजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, बाबा शाळेत शिकवून निवृत्त झाले, आणि लहानपणापासून आम्हाला एकच शिकवण होती, की कुणी विचारलं तर सरळ सांगायचं, पुटपुटायचं नाही. मी कॉलेजात सरळ सांगत होते, परभणीत खोली शोधताना सरळ सांगितलं आणि दोन ठिकाणी खोली मिळाली नाही, तरी सांगितलं. येलदरीत मात्र मला वाटलं, इथं वर्षभर राहायचंय, यांच्याच होड्यांत बसायचंय, कशाला उगाच. त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना माशांबद्दलच सांगत बसले.

मावशीचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. मुलगा, सून, एक नात आणि एक नातू. मुलगा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पाण्यात जायचा, जाळं टाकायचा, पहाटे काढायचा. पूर्वी जाळं ओढताना हात भरून यायचे, मावशी सांगायची. आता जाळ्यात चिलापीच यायची, तीही तळहाताएवढी. आदल्या वर्षी मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते. लेकरंही सोबत गेली आणि शाळा बुडाली. नात परत आली तेव्हा पाढे विसरून आली होती. मावशीचा सगळा जीव यंदा एकाच गोष्टीत अडकला होता.

"यंदा बोटुकली पडली पायजे," ती म्हणायची. बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं. पावसाळ्यात सरकारतर्फे धरणात सोडतात, पुढं ती वाढतात. "बोटुकली पडायची हामी भेटली ना, तर मी पोराला जाऊ देत न्हाई. एक साल कसंबी काढू. लेकरं इथंच राहतील."

मासेमाऱ्यांच्या सोसायटीनं तसा अर्जही केला होता. वरून उत्तर आलं होतं, आधी पाहणी होऊ द्या, धरणात मासे कमी आहेत असं दिसलं तर सोडू. ती पाहणी म्हणजे मी.

धरणातले मासे एकेक करून मोजता येत नाहीत हे कुणालाही कळतं. म्हणून एक युक्ती करतात. काही मासे पकडायचे, त्यांना खूण करायची आणि परत सोडायचं. मग काही आठवडे जे मासे पकडले जातील त्यात खुणेचे किती येतात ते बघायचं. वस्तीवर मी हे ज्वारीच्या पोत्यावर समजावलं. मूठभर ज्वारी हळदीत पिवळी केली, पोत्यात टाकली, पोतं हलवलं आणि मावशीच्या नातीला ओंजळ भरायला लावली. ओंजळीत पिवळे दाणे जास्त आले तर पोतं लहान. कमी आले तर पोतं मोठं, पिवळे दाणे गर्दीत हरवले. सगळ्यांना पटलं. मलाही माझं कौतुक वाटलं, इतकं की मी घरी फोन करून बाबांना ते उदाहरण सांगितलं. मास्तरच ते, खूश झाले.

खूण करायचा दिवस ठरला. वस्तीवरच्या पोरांनी रात्रीच धरलेले चांगले मोठे मासे काठाशी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले होते. पाठीच्या पराजवळ सुईनं लाल प्लॅस्टिकची छोटी पट्टी अडकवायची, लांबी घ्यायची, वजन घ्यायचं, सोडायचं. मी सुई हातात घेतली आणि मावशी ताट घेऊन आली. हळद, कुंकू, नारळ.

त्यांच्यात रीत आहे. नवं जाळं पाण्यात पडलं की पहिली मासळी साती आसरांची, पाण्यातल्या सात देवींची. तिला हळदकुंकू लावून पाण्यात सोडतात. आसरांना सोडलेली मासळी पुन्हा कुणी मारत नाही.

"मारत न्हाई म्हणजे, ओळखू कुठं येती," मुलगा हसत म्हणाला. "सोडली की सोडली."

"तुमचं काम बी नवंच हाय," मावशी म्हणाली. "तुमच्या हातानं लावा."

"तुम्हीच लावा ना, मावशी" एवढं म्हणायचं होतं. जीभ उचलली असती तर झालं असतं. पण मला वाटलं, नको म्हटलं की पुढचा प्रश्न "कामून?" असणार आणि त्याच्या पुढचा मला माहीत होता. सगळे बघत होते. मासा माझ्या हातात तडफडत होता. आमच्या घरात ते ताटच नाही, मी कुणाच्या लग्नात लांबून पाहिलेलं. चिमटीत हळद घेतली आणि माशाच्या डोक्यावर टाकली. मग कुंकू. मुलानं नारळ फोडला.

"एकीलाच लावली?" मावशी म्हणाली. "बाकीच्यांनी काय पाप केलं?"

सगळे हसले, मीही हसले, आणि त्या दिवशी पट्टी लावलेल्या प्रत्येक माशाला मी हळद लावली. मनातल्या मनात मी म्हणत होते, हळद जंतुनाशक असते, सुईची जखम लवकर भरेल. सुशिक्षित माणसाला स्वतःची समजूत घालायला काहीतरी मिळतंच.

पुढचे कितीतरी आठवडे मी रोज सकाळी काठावर उभी असायचे. होड्या आणि तराफे आले की प्रत्येकाची मासळी बघायची. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलेलं, चिखलाला भेगा, पायाखाली वाळलेले शिंपले करकरायचे. चिलापीच्या ढिगात मी लाल पट्टी शोधायचे. क्वचित एखादी यायची, तीही पलीकडच्या काठावरच्या माणसांच्या जाळ्यात. आमच्या काठावर एकही नाही. मला नवल वाटायचं, पण पोत्याचं उदाहरण मीच दिलेलं होतं. कमी आले म्हणजे पोतं मोठं. आकडेमोड केली तर आकडा इतका मोठा आला की मी पुन्हा केली. पुन्हाही तोच. मला शंका यायला हवी होती. आली नाही, उलट वाटलं की पहिल्याच कामात मी काहीतरी मोठं शोधून काढलंय.

जूनमध्ये सोसायटीच्या खोलीत बैठक झाली. आमचे साहेब आले. भल्या स्वभावाचे, पण मोठ्या आकड्यावर जीव असलेले. धरण माशांनी भरलेलं आहे ही बातमी कुणाला नको असते? त्यांनी माझा आकडा वाचून दाखवला आणि म्हणाले, "तलावात मासा भरपूर आहे. यंदा बोटुकली सोडायची गरज नाही."

मागून मावशीचा मुलगा उठला. "मासा भरपूर हाय तर आमाला कामून गावंना, साहेब?"

"तुमची जाळी जुनी, पद्धत जुनी," साहेब म्हणाले. "मासा हुशार झाला."

दोघंतिघं हसले. मुलगा बसला. मावशी दाराशी पाटी घेऊन उभी होती. तिनं साहेबांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. "मॅडमनं मोजलंय म्हणल्यावर खोटं नसंल," ती म्हणाली. "चला, जेवायला चला."

मला तिच्या घरी जेवायला जायचं नव्हतं. आकडा खरा आहे असं मला तेव्हाही वाटत होतं, तरी जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला मी तिथं कधी शिकलेच नव्हते. सुनेनं भाकरी थापल्या, माशाचं कालवण होतं. मुलगा जेवायला बसला नाही, बाहेर फोनवर ऊसतोडीच्या मुकादमाशी बोलत होता. मी समजूत काढायला बोलले.

"मावशी, मी तरी काय करू? लाल पट्टीच्या मासळ्या फार कमी परत आल्या. म्हणून आकडा मोठा आला."

"येतील कशा?" मावशी माझ्या ताटात आणखी कालवण वाढत म्हणाली. "पोरं सोडून द्यायलेत की."

"सोडून?"

"आसरांची मासळी हाय ती. तुमीच हळद लावली. पहिल्यांदा ओळखू येत नव्हती, आता लाल पट्टी हाय म्हणल्यावर दिसती ना. जाळ्यात आली की पोरं हात जोडत्यात आन् सोडत्यात. लय मोठाल्या सोडल्या बगा. परवा एक कटला असा व्हता..." तिनं कोपरापासून हात दाखवला. "माझ्या पोरानं सोडला. मी म्हणलं, बरं केलं बाबा."

त्या घरात त्या दिवसांत कालवणाला चिलापीची पिल्लं होती, आणि हातभर कटला पाण्यात परत जात होता. मी ताटाकडं बघत राहिले. हातातला घास परत ताटात ठेवला. सून म्हणाली, "तिखट झालं का?" मी मान हलवली.

पोत्यातले पिवळे दाणे गर्दीत हरवले नव्हते. ओंजळीत आलेले दाणे ते वेचून परत पोत्यात टाकत होते. पोतं लहानच होतं, कदाचित मला वाटलं होतं त्याहून लहान.

मी तिथंच सांगायला हवं होतं. सांगितलंही, पण अर्धं. "मावशी, ती हळद... ती फक्त खूण होती. पट्टी म्हणजे खूण. ती मासळी मारायची, आणून दाखवायची."

मावशीचा वाढता हात थांबला. "असं व्हय," ती म्हणाली. एवढंच. "कामून?" विचारलं नाही.

साहेबांना मी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं. ते चिडले नाहीत, त्यांचा आवाज थकल्यासारखा झाला. आता पाणी चढणार, म्हणाले, आता मोजता येणार नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा कर. बोटुकलीचं काय? यंदाची यादी वर गेली, म्हणाले. मी वाद घातला. मला राग आला की माझा आवाज चिरका होतो, तसा झाला, आणि मग लक्षात आलं की राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस पलीकडं नाही, फोनच्या या बाजूला आहे.

बाबांनाही सांगितलं. वाटलं, हळदीवरून बोलतील.

"हळदीचं सोड," ते म्हणाले. "त्या बाईनं प्रेमानं ताट पुढं केलं, तू लावलीस, त्यानं कुणाचा धर्म बुडत नाही. पण तू सांगितलं का नाहीस, आपण कोण ते?"

"त्याचा काय संबंध?" मी म्हणाले.

"संबंध नसता तर तू मला हे इतक्या दिवसांनी सांगितलं नसतंस."

मी फोन ठेवला. आयुष्यभर चाळीस पोरांच्या वर्गात कोण खोटं बोलतंय ते ओळखलेला माणूस, त्याच्यापुढं माझं काय चालणार.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा काम काढलं. या वेळी पट्टी निळी घेतली. वस्तीवर घरोघर गेले, तराफ्यावरच्या माणसांना हाका मारून सांगितलं, निळी पट्टी म्हणजे फक्त खूण, आसरांची नाही, जाळ्यात आली तर आणायची. सगळे हो म्हणाले. खूण करायच्या दिवशी मी सुई घेतली तेव्हा माझी नजर आपोआप वाटेकडं गेली. मावशी आली, काठावर बसली, मासे पिंजऱ्यातून काढून द्यायला लागली. ताट आणलं नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. तरी मी पुन्हा एकदा वाटेकडं बघितलं.

निळ्या पट्टीच्या मासळ्या भराभर यायला लागल्या. सर्वांत जास्त मावशीच्या मुलानं आणल्या. पाटी माझ्यापुढं ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या मॅडम, मोजा." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. नवा आकडा लहान आला, इतका लहान की साहेबांनीही काही न बोलता सही केली. पुढच्या पावसात बोटुकली सोडायचं मंजूर झालं. सगळ्यांना जे आधीपासून माहीत होतं, ते आता कागदावर आलं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला बोलून दाखवली नाही. त्या सगळ्या दिवसांत लाल पट्टीची एकही मासळी काठावर आली नाही. धरणात त्या होत्याच. काही तर नक्की जाळ्यात आल्या असणार.

दिवाळी झाल्यावर ट्रक आला. मुलानं मुकादमाकडून आगाऊ उचल जूनमध्येच घेतली होती, आता मागं फिरता येत नव्हतं. मुकादमानं आणखी चार घरं भरली होती. पत्र्याची पेटी, चुलीचा तवा, गोधड्या, कोयते, त्यावर लेकरं. नातीनं दप्तर घेतलं होतं. तिथं शाळा असते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मुलगा मला बघून खाली उतरला, "येतो मॅडम" म्हणाला, आणि परत चढला. मोठा आकडा आला नसता तर तो त्या ट्रकमध्ये नसता. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी तो मला येतो म्हणायला उतरला.

ट्रक जिंतूरच्या रस्त्याला लागला, पुढं देवगाव फाट्यावरून खाली साखर कारखान्यांकडं जाणार होता. मावशी रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि दिसेनासा होईपर्यंत उभीच राहिली. मी तिच्याजवळ गेले. आता तरी, असं वाटलं.

"मावशी, आम्ही बौद्ध आहोत. आमच्या घरात हळदकुंकू नसतं. मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती हळदही लागली नसती आणि हे..." मी रस्त्याकडं हात केला.

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "मालूम हाय मला," ती म्हणाली. "त्याच दिवशी कळालं. वरणात मीठ टाकल्यावाणी हळद टाकली तुमी. ज्याच्या घरी ताट असतं ते असं लावत न्हाई."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"तुमाला सांगायचं नव्हतं. मी कामून इचारू?" ती पाटी उचलायला वाकली, वाकलेलीच बोलली. "माझा पोरगा म्हणलाच व्हता, ही मॅडमची खूण हाय, आसरांची कशाची, मारू का? मी म्हणलं, न्हाई. त्या पोरीच्या घरी चालत न्हाई, तरी तिनं आपल्यासाठी लावली. तिनं आपला मान ठेवला, आपुन तिचा ठेवावा. सोडून दे."

आसरांसाठी नाही, तर ती मासळी माझ्यासाठी सोडली जात होती.

मावशीनं पाटी डोक्यावर घेतली. पाटीत तळाशी चिलापी होत्या आणि वर ओल्या गोणपाटाचा तुकडा. पुलाकडं दोन पावलं गेली आणि थांबली.

"तुमी जेवल्या का?" तिनं विचारलं.